कमरेपर्यंतचं पाणी

आमच्या धाकटीला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, ही? हिच्यावर एवढी मोठी बाई जळली? उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. गळ्यात बारा महिने मापाची टेप, तोंडात टाचण्या. बोलायचं झालं की आधी टाचण्या एकेक काढून उशीत टोचणार आणि मग तोंड उघडणार. तोवर समोरचा काय विचारलं होतं तेच विसरतो. अशी ही माझी जाऊ. मी थोरली, ती धाकटी, आणि वस्तीही आम्हाला याच नावांनी ओळखते. आमच्या खोल्या लागून आहेत, मधे एक भिंत. तिचं मशीन चालू झालं की माझ्या फळीवरच्या कपबश्या वाजायला लागतात.

तिला एक खोड आहे. दिसेल त्याचं माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं. लोक पाहुण्यांचे फोटो काढतात, ही त्यांचे खांदे मोजून ठेवते. पोरगी चालायला लागली तर तिचं पाऊल मोजलं. आमची गल्ली नदीच्या वळणावर आहे, त्यामुळे दर दोन-चार वर्षांनी पाणी घरात येतं. पाणी आलं की बाकीचे गाद्या उचलतात, भांडी उचलतात. ही बया पाणी ओसरायला लागलं की कात्री घेऊन दाराशी जाणार, चौकटीवर टोकाने रेघ ओढणार आणि वहीत तारीख घालणार. सगळे हसायचे. सगळ्यांत आधी मी. "काय गं, नदीला झगा शिवायला घेतलास का?" असं मी तिला चारचौघांत विचारायची. ती टाचण्या काढायची आणि म्हणायची, "माप असलेलं बरं, ताई." झालं. एवढंच उत्तर.

आता माझं ऐका. बावीस वर्षं झाली, मी विद्यापीठात सफाईला आहे. तिसरा मजला, पर्यावरण विभाग. सकाळी फरशी, मग टेबलं, सव्वाअकराला चहा. तिथे एक प्राध्यापक आहेत, इतके उंच की मी त्यांना मनातल्या मनात शिडी म्हणते. चौदा वर्षं त्यांच्या टेबलावर बिनसाखरेचा चहा ठेवला. ते मान वर न करता म्हणायचे, "ठेवा." चौदा वर्षांत आमचं संभाषण ते एवढंच. भिंतीवर नद्यांचे नकाशे, फळ्यावर पुराची गणितं, आणि खाली फरशी पुसणारी बाई पुराच्या घरातून आलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं. पण मी कशाला बोलू? मला कुणी विचारलं तर ना.

मग एका शनिवारी शिडी आमच्या गल्लीत! बरोबर चार विद्यार्थी, एक चष्मेवाली पुढे. मी दारातच होते. मनात म्हटलं, आले बाई, एकदाचे आले. हात पुसले, केस सारखे केले. सर माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "शिवणकाम करणाऱ्या बाई कुठे राहतात?"

ओळखलंसुद्धा नाही हो! हातात ट्रे नव्हता ना माझ्या. मी बोटानेच शेजारचं दार दाखवलं. सर वळले, आत शिरले आणि चौकटीवर त्यांचं कपाळ असं आपटलं, धाड! मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

त्यांना काय हवं होतं ते नंतर सगळ्या वस्तीला कळलं. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, आणि पुढे हे वाढतच जाणार. विद्यापीठ आणि वस्ती मिळून आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सभागृह बांधणार होते. जोतं उंच, औषधांची खोली, छपरावर उन्हावर चालणारी बत्ती. पाणी आलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकरांना तिथे न्यायचं. पण जोतं किती उंच घ्यायचं? सरकारी मोजपट्टी पार लांब, पुलाच्या खांबावर. आमच्या वळणावर पाणी किती चढतं याची नोंद जगात कुठेच नव्हती, एका चौकटीवर सोडून. आणि ती चौकट धाकटीची.

मग काय विचारता! धाकटी एकदम मोठी झाली. तिला फोटो लावलेलं कार्ड मिळालं, त्यावर छापलेलं, 'वस्ती संशोधक'. कार्ड माझ्याकडेही आहे, अगदी त्याच निळ्या दोरीचं. त्यावर छापलंय, 'सफाई'. तिने ते कार्ड टेपच्या शेजारी गळ्यात घातलं आणि दर बुधवारी विद्यापीठात जायला लागली. बसने, माझ्याबरोबर. माझ्याच सीटवर, खिडकीशी.

पहिल्याच बुधवारी सव्वाअकराला मी ट्रे घेऊन आत गेले, तर ही खुर्चीवर. सरांच्या समोर, वही उघडून. मला बघून ताडकन उठली. "ताई, द्या इकडे, मी घेते," म्हणून ट्रेला हात लावला. तर सर म्हणतात, "अहो, तुम्ही बसा. त्या ठेवतील."

त्या ठेवतील. ठेवला मी. माझ्या धाकट्या जावेसमोर मी चहाचा कप ठेवला, बशी न वाजवता. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. घरी आल्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती भिंतीवर टकटक करून विचारत होती, ताई, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. कुठे दुखत होतं ते माझं मला माहीत.

लोकांना वाटेल, म्हातारपणी ही काय पोरकट असूया! अहो, पण तो पूर कुणाचा होता ते तरी ऐका. चौकटीवरची सगळ्यांत वरची रेघ मोठ्या पुराची आहे, बावीस वर्षांपूर्वीची. त्याच साली मी नोकरीला लागले होते. धाकटीचा नवरा ट्रक घेऊन लांब गेलेला, आमचे सुतारसाहेब पलीकडच्या काठावर कामाला अडकलेले. धाकटीची पोरगी सात महिन्यांची. पाणी तासाभरात चढलं. धाकटी बुटकी, तिला पाण्यात पाऊल टाकता येईना, ती मशीनच्या टेबलावर उभी राहून रडत होती. पोरगी मी घेतली. डोक्यावर, दोन्ही हातांनी धरून. तिच्या उंबऱ्यात उभी राहिले तेव्हा पाणी माझ्या कमरेला होतं, त्याच्या वर ते नंतरही गेलं नाही. तिथून चढावरच्या गोदामापर्यंत नेली आणि मग परत येऊन हिलाही पाठीवर घेतली. मला स्वतःचं मूल नाही. त्या दिवशी ते पोर माझ्या डोक्यावर मुतलं, आणि मला त्याचंसुद्धा काही वाटलं नाही. पाण्यात मी होते, आणि मोठेपणा कुणाला? रेघ ओढणारीला!

आणि आता ती गोष्ट सांगते, जी या जगात फक्त मला माहीत होती.

पूर ओसरल्यावर धाकटी पोरगी घेऊन दोन महिने माहेरी गेली. तिच्या चौकटीचे दोन्ही पाय भिजून कुजले होते. तिच्या नवऱ्याने चांगलं सागाचं लाकूड आणून दिलं आणि आमच्या ह्यांना म्हणाला, दादा, खाली नवे पाय जोडून दे, आणि परत ट्रक घेऊन निघून गेला. नोकरी नवीन, दिवसभर ओणवं राहून माझे गुडघे धरायला लागले होते. मी ह्यांच्या मागे लागले होते, मला बसायला एक स्टूल करून द्या. हे एकदा त्या लाकडाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. शेवटी त्या लाकडाचं माझं स्टूल झालं. चौकटीचे कुजलेले पाय ह्यांनी वीतभर कापले आणि अख्खी चौकट त्याच दगडी उंबऱ्यावर खाली बसवली. वर राहिलेली फट विटांनी भरली, दाराची फळी तासली आणि सगळ्याला रंग दिला. चौकट मी धरली होती. हे म्हणाले, "कुणाला बोलू नकोस हं. तिला कळणार नाही, तिचं डोकं कुठे लागतंय तिथे?" आणि खरंच तिला कळलं नाही. लागायचं ते बाकीच्यांना. म्हणून तर शिडी आपटली.

म्हणजे काय झालं, बघा. चौकट वीतभर खाली आली, तशी मोठ्या पुराची रेघही वीतभर खाली आली. हे जाऊनही आता सहा वर्षं झाली. झाकली मूठ माझ्या एकटीच्या हातात राहिली.

चष्मेवाली यंत्र घेऊन मोजायला आली तेव्हा मी माझ्या दारात त्याच स्टुलावर बसून बघत होते. उंबऱ्यापासून सगळ्यांत वरची रेघ, साडेएकोणतीस इंच. तिने मोठ्याने आकडा वाचला, धाकटीने वहीत लिहिला. लिहिताना धाकटी थोडी थांबली, वहीची मागची पानं चाळली, रेघेकडे बघितलं, परत वहीकडे बघितलं. पण बोलली काही नाही. मीही बोलले नाही. ह्यांचं नाव खराब होईल, असं मी स्वतःला सांगितलं. स्टुलाची लाज वाटते, असंही सांगितलं. पण आता कशाला लपवू? मला ती तोंडघशी पडायला हवी होती. बांधू दे जोतं बुटकं. येऊ दे पाणी आत. मग बघू, संशोधकबाईंना खुर्ची कोण देतं ते. त्या सभागृहात कोण बसलेलं असेल हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही. इतकी मी आंधळी झाले होते.

जोत्याची उंची ठरवायची सभा विद्यापीठातच ठेवली, आमच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. वस्तीतली चाळीस-पन्नास माणसं आली. सकाळी हॉल मीच पुसला होता. पाण्याचे पेले मांडून मी तांब्या घेऊन मागे भिंतीला उभी राहिले. पुढे टेबलाशी सर, एक इंजिनियर, आणि मधे धाकटी, पाय जमिनीला पोचत नाहीत अशा खुर्चीवर.

सरांनी पडद्यावर चौकटीचा फोटो दाखवला. म्हणाले, मोठ्या पुराची रेघ ही, तिच्यावर एक फूट जास्त धरू, तेवढं जोतं. इंजिनियरने मान डोलावली. मग धाकटीने हात वर केला. म्हणाली, "सर, ते वहीचं पान दाखवा ना. तुम्ही नको म्हणालात ते."

सर हसले. म्हणाले, "बरं, दाखवू या." आणि पडद्यावर तिच्या वहीचं पान आलं. निळी शाई, पाण्याने फुटलेली. तारीख, आणि खाली लिहिलेलं, 'थोरल्या ताई आमच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, पाणी त्यांच्या कमरेपर्यंत. पोरीला डोक्यावर नेलं. मग मला नेलं.'

मला काय माहीत असं काही तिने लिहून ठेवलंय ते! बावीस वर्षं ती वही भिंतीच्या पलीकडे होती. मला राग आला की ही बया आधी का नाही बोलली.

सर म्हणाले, "फार सुंदर नोंद आहे. पण रेघ सांगते साडेएकोणतीस इंच. म्हणजे फार तर मांडीपर्यंत पाणी. माणसाच्या आठवणीत पाणी नेहमी थोडं चढतं." लोक हसले. आमच्या गल्लीतले लोक हो, ज्यांची पोरं त्या दिवशी गोदामात माझ्या पदराखाली होती, ते हसले. "म्हणून आपण रेघच खरी धरू."

मांडीपर्यंत!

माझ्या हातातला तांब्या खाली कधी ठेवला मला आठवत नाही. मी म्हटलं, "ओ सर! कुणाचं पाणी मांडीपर्यंत? या या कमरेपर्यंत होतं ते!" सगळा हॉल मागे वळला. शिडीने मान वर केली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, तुमची आठवण..."

"आठवण राहू द्या बाजूला. चौकट कापलेली आहे! वीतभर कापली आहे खालून. माझ्या नवऱ्याने कापली, मी धरून उभी होते. नवे पाय लावायला लाकूड आणलं होतं, त्याचं मी स्टूल करून घेतलं. जाऊन बघा माझ्या दारात, अजून आहे. आणि चौकट खालून कापलीय की नाही ते विचारा कुणाही सुताराला. ज्या दारात तुमचं कपाळ फुटलं ना, ते दार आधी असं नव्हतं!"

सरांचा हात कपाळाकडे गेला. मग त्यांनी हळू विचारलं, "पण तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

कुणी विचारलं नाही म्हणून, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या. पण समोर ते पान होतं, मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, "हिच्यावर जळत होते म्हणून."

धाकटीचा हात सवयीने तोंडाकडे गेला, टाचण्या काढायला. तोंडात टाचण्या नव्हत्या. ती म्हणाली, "आणि मला बावीस वर्षं वाटत होतं की माझीच कात्री चुकली. रेघ मांडीला आणि वहीत कंबर. सर म्हणाले वहीत दुरुस्त करा. पण ताईंची कंबर मला पाठ आहे, ती कशी खोडू?"

मग तिने पिशवीतून दुसरी वही काढली, मापांची. पान काढून वाचलं, "थोरल्या ताई, विद्यापीठाचा गणवेश, कमर ते जमीन, साडेअडतीस." माझा पहिला गणवेश तिनेच शिवला होता, त्या पुराच्या आधी महिनाभर. तेवढ्यावर थांबली नाही. खुर्चीवरून उडी मारून खाली आली, गळ्यातली टेप काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या कमरेला लावली. खालचं टोक कुणी धरावं? शिडी दुमडली. सर गुडघे टेकून मी पुसलेल्या फरशीवर बसले आणि टेपचं टोक माझ्या टाचेशी दाबून धरलं.

"अडतीस," धाकटी म्हणाली. "अर्धा इंच झिजलात, ताई."

सरांनी खालून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुम्ही... चहा..."

"हो," मी म्हटलं. "सव्वाअकराचा."

जोतं वीतभर वाढवलं. इंजिनियर कुरकुरला, नकाशे बदलावे लागले, पण वाढवलं. मला मात्र कार्ड मिळालं नाही. मी मागितलंही नाही. बरं, मागितलं होतं, एकदा. चष्मेवाली म्हणाली, विचारते. अजून विचारतेच आहे. सर आता चहा ठेवला की मान वर करून "बसा ना" म्हणतात, आणि मी म्हणते, फरशी ओली आहे. सभागृहाच्या पायऱ्यांखाली, रस्त्याच्या पातळीवर जो खांब आहे, त्यावर धाकटीने कात्रीने रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'थोरलीची कंबर'. गल्लीतली कार्टी तिथे पाठ लावून उभी राहतात आणि मला हाका मारतात. मला त्याचा राग येतो, असं मी दाखवते.

दुसऱ्याच वर्षी पाणी आलं. दोन दिवस आणि एक रात्र पाऊस थांबला नाही. सकाळी आम्ही सगळे सभागृहात होतो, साठ-सत्तर माणसं, त्यात आठ दिवसांची एक बाळंतीण खाली सतरंजीवर. धाकटीची पोरगीही, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, पोट सांभाळत तिथेच, भिंतीला टेकून. पाणी पायऱ्या चढत होतं. खांबावरची माझी कंबर बुडाली. मोठ्या पुरापेक्षा वर गेलं म्हणजे. धाकटी पायरीवर टेप लावून बसली होती, दर थोड्या वेळाने आकडा सांगत होती. मग एकदा म्हणाली, "थांबलं."

मी जाऊन बघितलं. सभागृहाची जमीन आणि पाणी यांच्यात चार बोटं उरली होती. मी माझी बोटं लावून मोजली. मग वीत लावून बघितली. वीत पाण्यात गेली. मी मागे वळून त्या सतरंजीकडे, त्या पोरीच्या पोटाकडे बघितलं. गप्प बसले असते तर काय झालं असतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बसावं म्हणून बघते तर घरून आणलेल्या माझ्या स्टुलावर धाकटी. वही मांडीवर, तोंडात टाचण्या.

"ऊठ," मी म्हटलं. "स्टूल माझं आहे."

तिने एकेक टाचणी काढून बाहीत टोचली. मग म्हणाली, "लाकूड माझं आहे, ताई." आणि बाजूला सरकून मला अर्धी जागा दिली.